तांब्याची तार

मी बोलतोय खरा, पण यातलं मला स्वतःला किती आठवतं आणि माझ्या आईला किती आठवत होतं, हे मला आजही नीट वेगळं करता येत नाही. आमच्या जातीत असंच असतं. आई आयुष्यात एकदाच फुलते. मग तिच्या बुडाशी एखाद-दुसरं पिल्लू फुटतं, तिच्याच अंगातलं पाणी पिऊन वाढतं, आणि ती हळूहळू सुकत जाते. मी तसलं एक पिल्लू. तिच्या अंगाला चिकटलेलो असताना तिला बसलेला हादरा मलाही बसायचा. मग तो हादरा कोणाचा म्हणायचा? मी यावर फार विचार केला आहे, बहुधा गरजेपेक्षा जास्तच. तेव्हा ऐकणाऱ्याने माझं बोलणं जरा चाळून घ्यावं.

मी हवेवर वाढणारं झाड आहे. मला माती लागत नाही. मुळं आहेत, पण ती नुसती धरून बसण्यापुरती. खाणंपिणं सगळं पानांवरच्या रुपेरी लवेतून. ज्यांना हे माहीत नसतं ते मला प्लॅस्टिकचा समजतात आणि ओढून बघतात. एका गृहस्थांनी तर नखाने माझं पान फाडलं, "अरे, खरंच आहे की!" म्हणाले आणि हसत निघून गेले. माणसांना खात्री करून घ्यायची असली की जखम दुसऱ्याला होते, असा माझा अनुभव आहे. अर्थात माझा अनुभव तो किती!

ज्या घरात मी जन्मलो ते फ्रेमचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, आणि राहणारी माणसंही दोनच, भाऊ आणि बहीण. वडिलांच्या मागे दुकान दोघांचं झालं होतं, पण गल्ल्यामागच्या खुर्चीवर भाऊ बसायचा. ती त्याला दादा म्हणायची आणि तो तिला छोटी. चाळिशीला आलेली बाई, तरी छोटीच. त्याच्या तोंडी ते लाडाचं नाव नव्हतं. तिने केवढं राहायचं, याचं ते माप होतं.

दुकानात भिंतीला टेकवलेल्या काचा होत्या, लाकडाच्या लांबलचक पट्ट्या होत्या, आणि मधोमध कोन कापायचं मशीन. त्याला दोन तिरकी पाती आणि खाली पायाने दाबायची पट्टी. पायाचा एक दाब दिला की सागाची पट्टी काकडीसारखी कापली जायची.

भाऊ मारायचा. हे वाक्य मी आधी बरंच वळवून सांगायचं ठरवलं होतं, पण वळवण्यासारखं त्यात काही नाही. काचेवर ओरखडा निघाला की मारायचा. गिऱ्हाईक परत गेलं की मारायचा. कधी मोजपट्टीने, कधी गोंदाच्या डब्याने, हातात काही नसलं तर हाताने. एकदा तिचे केस धरून तिचं कपाळ त्याने गल्ल्याच्या कडेवर आपटलं, आणि मग कडेचं पॉलिश गेलं म्हणून पुन्हा आपटलं. मारून झालं की शांतपणे हात धुवायचा, टॉवेलला पुसायचा आणि म्हणायचा, "छोटी, ती काळी पट्टी दे." ती द्यायची.

आमच्या आधी तिने कुंड्या ठेवल्या होत्या. पण काच आणि चित्र यांच्यामध्ये मातीचा एक कण गेला तरी फ्रेम पुन्हा उघडावी लागते. म्हणजे भावाकडे कारण होतं. त्याच्याकडे कारण नेहमीच असायचं. त्याने एकेक कुंडी उचलून तिच्या डोक्याशेजारच्या भिंतीवर फोडली. शेवटची शेजारी लागली नाही. तिचा दात त्या दिवशी अर्धा तुटला.

तेव्हाच रोपवाल्या मावशी दुकानात आल्या. त्या रोपं विकायच्या आणि नवऱ्याच्या फोटोला फ्रेम करायला आल्या होत्या. त्यांनी खापरं पाहिली, सुजलेला ओठ पाहिला, फोटोचं माप दिलं आणि गेल्या. फोटो न्यायला आल्या तेव्हा कागदात गुंडाळून माझ्या आईला घेऊन आल्या.

"हिला माती नको, कुंडी नको," मावशी म्हणाल्या. "आपटली तरी फुटत नाही."

"मग आमच्या घरात टिकेल," बहीण म्हणाली.

मावशी हसल्या नाहीत. त्यांनी तिला सगळं समजावलं. नळाचं पाणी भांड्यात काढून ठेवायचं, आठवड्यातून एकदा त्यात बुडवायचं, मग उलटं धरून झटकायचं आणि उलटंच वाळवायचं. "पोटात पाणी साचलं की आतून कुजते. वरून हिरवी दिसत राहते, आणि एक दिवस गाभा उपटून हातात येतो. उजेड हवा, पण ऊन नको. आणि हवा. हवा मात्र खेळती पाहिजे गं बाई."

बहिणीने कोपरा खरवडलेली एक टाकाऊ फ्रेम घेतली, तिची पाठ काढली, मासे धरायचा नायलॉनचा दोरा आडवा-उभा ताणला आणि मधोमध आईला बसवली. रिकाम्या चौकटीत अधांतरी झाड! रस्त्याने जाणारी माणसं थबकायला लागली. मग दुसरी फ्रेम झाली, तिसरी झाली, मावशींकडून आणखी झाडं आली. गुलाबी कडांची, कुरळ्या पानांची, समुद्रातल्या प्राण्यासारखी पाय पसरून बसणारी. भाऊ म्हणायचा, "गवताला फ्रेम! उद्या केराला कर." पण गवत खपायला लागलं. गिऱ्हाइकं दारातूनच विचारायची, "ताई आहेत का? नाहीत? मग नंतर येतो." हे "नंतर येतो" त्याला झोंबायचं. त्या संध्याकाळी मार ठरलेला.

एकदा त्याने आईला फ्रेममधून उपटून दुकानाच्या या टोकाकडून त्या टोकाला भिरकावलं. ते उडणं मला आठवतं. काचांचा ढीग खालून जाताना आठवतो. पण मी तेव्हा फुटलो होतो का, याची खात्री नाही. बहिणीने आईला उचललं, पानांत बसलेला काचेचा चुरा फुंकून काढला, आणि तिच्या बोटातून रक्त आलं ते आमच्या पानावर पडलं. आम्ही ते प्यायलो असू. आम्हाला निवड करता येत नाही.

तुटलेला दात ठणकायला लागल्यावर ती कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरबाईंकडे गेली. दारावर आपटले, असं तिने सांगितलं. डॉक्टरबाई नुसत्या "हं" म्हणाल्या. पुढे त्या दुकानात येऊन सगळी भिंत पाहून गेल्या, आणि भाऊ जेवायला मागे गेलेला असताना हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्याकडे बसणारी माणसं भिंतीकडे बघून घाबरत असतात. तिथे पांढऱ्या टाइल्सशिवाय काही नाही. मला अशी पूर्ण भिंत करून द्याल? आणि ती सांभाळायला माणूस तिथेच राहायला हवा. वरची खोली महिनाअखेर रिकामी होतेय. कडी आतून लागते."

बहिणीने पहिल्यांदाच एका श्वासात विचारलं, "कुलूप?"

"तेही आहे."

त्या दिवसापासून आमच्या घरातली हवा बदलली. ती रोज जीव मुठीत धरून झाडं वाढवत होती. भिंत झाली तर खोली, खोली मिळाली तर सुटका. झाडं मेली तर यातलं काहीच नाही. भावाला तिने फक्त भिंतीचं सांगितलं, खोलीचं नाही. पण त्याच्यापासून काही लपलं असेल असं मला वाटत नाही. एकदा तो मशीनवर पट्टी ठेवता ठेवता सहज म्हणाला, "डॉक्टरीण वरची खोली रंगवतेय म्हणे," आणि पायपट्टी दाबली.

भिंत न्यायच्या आदल्या दिवशी दुपारी बहीण खिळ्यांची मापं घ्यायला दवाखान्यात गेली होती. भावाने सगळ्या फ्रेम उतरवल्या. मला वाटलं आता फोडणार. पण त्याने फोडलं काहीच नाही. त्याने नायलॉनचे दोरे कापले आणि कोऱ्या, चकचकीत तांब्याच्या तारेने एकेक झाड बुडाशी गुंडाळून घट्ट बांधलं. त्याचे हात कामात सुरेख होते, हे मान्य करायला हवं. आई तेव्हा जांभळी फुलून उतरत आली होती, म्हणून ती दुकानातच राहणार होती. तिलाही त्याने सोडलं नाही. मागच्या खोलीत चाळणीत उलटी वाळत घातलेली बोटभर पिल्लं तेवढी राहिली. ती त्याला दिसली नसावीत.

बहीण परत आली आणि दारातच थांबली.

"दोरा ढिला पडतो," तो म्हणाला. "उद्या कोणाच्या डोक्यात पडलं तर दुकानाचं नाव जाईल. केलं सगळं पक्कं."

ती कितीतरी वेळ बघत राहिली. ओल्या उजेडात तारा सोन्यासारख्या दिसत होत्या. तिचे डोळे भरून आले. तिने त्याच्या बाहीला हात लावला. "दादा, तू माझ्यासाठी..."

"पुरे. चहा टाक."

भिंत लागली. लोकांनी वाखाणली. आणि आमच्या बुडाशी ती तार आपलं काम करायला लागली.

दुखतं कसं ते सांगतो. आधी तहान लागते. पाणी मिळतं, पण ते आत घेतलं की जळतं. जितकं पाणी जास्त, तितकं तारेतून विष जास्त. आणि भाऊ, ज्याने कधी झाडाकडे प्रेमाने पाहिलं नव्हतं, तो दुकानात रोज सकाळी स्वतः आईवर फवारा मारायचा. बहिणीला त्याचं कौतुक वाटायचं. आईचं बूड तपकिरी झालं, मग काळं. मी तिच्या कुशीत होतो. तिच्यातून येणारं पाणी कडू व्हायला लागलं, आणि माझ्याकडे दुसरं पाणी नव्हतं.

खोली मिळायला थोडेच दिवस राहिले होते तेव्हा दवाखान्यात दात काढायला बसलेल्या एका माणसाच्या मांडीवर वरून झाडाचा गाभा गळून पडला. बहिणीने जाऊन दुसऱ्या झाडाला हात लावला. त्याचाही गाभा निघून आला. मग तिसरा. ती मूठभर काळे गाभे आणि हिरवट पडलेली तार घेऊन धावत दुकानात आली, मागे गेली, चाळणीतली पिल्लं पाहिली. ती हिरवी होती. ती बाहेर आली.

"दादा, तारेने मेली."

"असं?"

"ज्यांना तार नाही ती जिवंत आहेत."

"मग मी काय करू? मी मदत केली. मला काय माहीत गवताला काय पचतं!" आणि तो हसला. हसू अगदी थोडं होतं. मी त्या हसण्यावर पुढे वर्षानुवर्षं विचार केला, पण हसू हा काही पुरावा नाही.

तिने मूठ उघडून ते काळे गाभे त्याच्या तोंडावर फेकले.

असं तिने कधीच केलं नव्हतं. त्याने उठून शटर अर्धं खाली ओढलं. पहिल्या फटक्यात ती काचांवर गेली. काचा सरकल्या, एकीवर एक फुटत खाली आल्या, आणि ती त्यांच्यात गुडघ्यांवर पडली. त्याने तिला केसांना धरून उठवलं, पोटात लाथ घातली, पुन्हा उठवलं. तिच्या कोपरातून रक्ताची धार लागली होती. "खोली घेणार? कुलूप लावणार? मला?" प्रत्येक शब्दाला एक फटका. मग तो तिला फरफटत मशीनपाशी घेऊन गेला आणि तिचा उजवा हात मनगटाला धरून पात्याखाली ठेवला. "या हाताने लावणार ना कुलूप? बघू."

ती ओरडली नाही. ती त्याच्या दंडाला चावली, तुटक्या दाताने, आणि चावा न सोडता सगळ्या अंगाने वळली. तिचा हात सुटला. त्याचा हात लाकडावर होता. पायपट्टी खाली गेली.

पाय कोणाचा होता? त्याचा पाय आधीपासून तिथे होता, हे मी पाहिलं. तिचाही वळताना तिथेच आला, हेही पाहिलं. मी चौकटीत वरून बघत होतो आणि दोघांच्या पायांखाली काचा होत्या. मी शपथेवर काही सांगू शकणार नाही. ती मात्र आजपर्यंत म्हणते, माझा.

दोन बोटं गेली. करंगळी आणि तिच्या शेजारचं. ती लाकडाच्या भुश्यात पडली होती आणि तो त्यांच्याकडे दुसऱ्याची असल्यासारखा बघत होता. तिनेच टॉवेल गुंडाळला, तिनेच रिक्षा थांबवली. इस्पितळात त्याने सांगितलं, काम करताना गेली. ती कृतज्ञतेने रडली. मग डॉक्टर बाजूला गेल्यावर तो तिला म्हणाला, "मी मदत केली होती गं, छोटी. आणि तू माझी बोटं घेतलीस."

ते वाक्य तिच्यात त्या तारेसारखं बसलं.

ती घरी आली, कात्रीने आईची तार कापली, आणि आईचे दोन तुकडे झाले. मला तिने नखाने खुडून वेगळं केलं. मी फारच लहान होतो, अर्धा काळाही पडलो होतो. मला चाळणीत टाकून ती चाळणी घेऊन ती डॉक्टरबाईंकडे गेली, भिंत मेली हे सांगायला. डॉक्टरबाईंनी तिचं कोपर शिवलं. मानेवरचे वळ पाहिले. म्हणाल्या, "वरची खिडकी पूर्वेची आहे. चाळणी तिथे ठेवा."

आम्ही वर राहायला लागलो. मी जगलो. पिल्लांना पिल्लं झाली, भिंत पुन्हा भरली, सगळी दोऱ्यावर. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, बाई सुटली. पण तिने पुन्हा कधी स्वतः लाकूड कापलं नाही, कोन कापून आणायची. बसली की उजवा पाय खुर्चीखाली मागे ओढून घ्यायची. मला पाण्यात बुडवताना पुटपुटायची, "त्याला माहीत नव्हतं. त्याला बिचाऱ्याला माहीत नव्हतं."

आणि इथे माझी पंचाईत होती. मला काहीतरी आठवत होतं. एका दुपारी मावशी दुकानात आल्या होत्या आणि "तांबं" हा शब्द कोणीतरी उच्चारला होता. भाऊ गल्ल्यावर होता, असं वाटतं. बहीण नव्हती, असं वाटतं. पण तेव्हा मी हरभऱ्याएवढा होतो. हे मी ऐकलं, की आईने, की पुढे सगळं घडल्यावर मीच मनाशी रचलं? आणि खात्री असती तरी मी काय करणार होतो? आम्हाला तोंड नाही. मावशींना विचारावं तर त्या भिंत लागायच्या आधीच परगावी लेकीकडे राहायला गेल्या होत्या.

बऱ्याच वर्षांनी भाऊ दवाखान्यात आला. म्हातारा झाला होता. बाकड्यावर बसून शेजारच्या बाईला त्याने हात दाखवला. "बहिणीची कृपा." बहीण खाली आली.

"दुकान बंद पडलंय," तो म्हणाला. "मला शर्टाचं बटण लावता येत नाही. परत चल. तुझ्याशिवाय मला कोण आहे? बोटं परत मागत नाही मी."

ती म्हणाली, "येते."

डॉक्टरबाईंनी नाना परीने समजावलं. ती एवढंच म्हणायची, "मी त्याला थोटं केलं बाई, आणि तेही एका चांगल्या कामाच्या बदल्यात." बॅग भरली. तिने मला सगळ्यात शेवटी न्यायचं ठरवलं होतं, ओला होतो म्हणून. मी खिडकीत उलटा टांगलेला होतो, आणि मला तो फवारा आठवत होता.

निघायच्या सकाळी मावशी कवळी बसवायला आल्या. लेकीकडून कायमच्या परत आल्या होत्या. भिंत पाहून त्यांना आश्चर्य वाटलं, मग कळलं कोणाची, मग त्या हाका मारत जिना चढून वर आल्या. नवी कवळी खुळखुळत होती.

"अगं, केवढी वाढवलीस! आणि दोऱ्यावरच ठेवलीस, शहाणी आहेस. मला वाटायचं, सांगितलेलं पोचलं की नाही."

"काय सांगितलेलं?"

"तांबं लावू नकोस म्हणून. आमच्या गावी एका बाईची सगळी झाडं त्याने गेली होती. मुद्दाम सांगायला आले होते मी, जायच्या आधी. तू नव्हतीस. तुझ्या भावाला सांगितलं."

बहीण बॅगेवर बसली. "दादाला? मावशी, नीट आठवतंय का?"

"न आठवायला काय झालं? दात गेलेत माझे, डोकं नाही. किती मन लावून ऐकलंन त्याने! मला बरं वाटलं, म्हटलं, भाऊ एवढा काही वाईट नाही."

बहीण बॅगेवरून उठली. मग बहिणीने वाकून बॅगेची चेन उघडली, कपडे काढून कपाटात ठेवले, आणि दाराला आतून कडी लावली.

आता मी हे माझं म्हणून सांगू शकतो. त्या दुपारी मशीन बंद होतं. भाऊ गल्ल्यामागे उभा होता. मावशी म्हणाल्या, तांबं लागलं की ही मरतात. आणि त्याने विचारलं होतं, "किती दिवसांत?" मावशींनी दोन्ही वेळा उत्तर दिलं, कारण त्याने दोनदा विचारलं.